‘सोबत’ नावाचा रकाना

१

घड्याळवाले आजोबा स्वयंपाकघराच्या फरशीवर सापडले तेव्हा घरातली चावीची सगळी घड्याळं बंद पडलेली होती. सेलवरची तेवढी चालू होती.

वीजमीटर वाचायला आलेल्या माणसाने दोनदा कडी वाजवली. आतून कण्हल्यासारखा आवाज आला म्हणून त्याने खिडकीतून डोकावलं आणि शेजाऱ्यांना हाका मारून दार फोडलं. आजोबा जिवंत होते, एवढंच. रोज उठल्या उठल्या सगळ्या घड्याळांना चाव्या द्यायच्या आणि मगच तोंडात पाणी घ्यायचं, हा त्यांचा नेम साऱ्या गल्लीला ठाऊक होता. घड्याळं थांबली, म्हणजे एकाहून जास्त सकाळी हा माणूस उठलेला नाही, हे कुणी सांगायची गरज पडली नाही.

उचलून नेताना ते एकच वाक्य बोलले.

“फोन नाही आला.”

शेजाऱ्यांना वाटलं, म्हातारा भ्रमात बरळतोय. पण त्या गावात एक संस्था होती आणि तिचं काम तेवढंच होतं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना रोज सकाळी फोन करायचा, ‘उठलात का’ विचारायचं. फोन उचलला नाही तर तीनदा करायचा आणि तरीही उचलला नाही तर कुणाला तरी दारात पाठवायचं. घड्याळवाले आजोबा त्या संस्थेचे पहिल्या दिवसापासूनचे सभासद होते.

त्यांना फोन गेला नव्हता. आदल्या दिवशी नाही, त्याच्या आदल्या दिवशीही नाही.

२

बाई सकाळी अंघोळ आटोपून फोनशेजारच्या खुर्चीत बसत, पण फोनची वाट पाहत बसलो आहोत असं स्वतःलाही कळू देत नसत. हातात काहीतरी विणकाम असे. फोन वाजला की दोन घंटा जाऊ देत आणि मग उचलत.

“बाई, उठलात?”

“तुझ्या आधी.”

रोजचं बोलणं एवढंच. पुढे कधी गुडघ्याची विचारपूस, कधी हवेची. पण दिवसभरात त्या घरात दुसऱ्या माणसाचा आवाज यायचा तो एवढाच. बाईंनी सारा जन्म तंत्रविद्यालयात माहितीचे तक्ते कसे मांडावेत आणि त्यांना प्रश्न कसे विचारावेत हे शिकवलं होतं. खडूने फळा भरून जायचा आणि वर्ग गजबजलेला असायचा. आता नवरा भिंतीवरच्या तसबिरीत होता आणि मुलगा दूर देशात. तो रविवारी फोन करायचा आणि तिकडे किती थंडी आहे ते सांगायचा.

फोन करणाऱ्या मुलीला सगळे ‘गजर’ म्हणत. हे नाव घड्याळवाल्या आजोबांनी ठेवलेलं. ‘माझ्याकडे इतकी घड्याळं, पण उठवतेस तू,’ असं ते म्हणाले होते आणि ते नाव तिला असं चिकटलं की कचेरीत तिचं खरं नाव कुणाला चटकन आठवत नसे.

त्या सकाळी ‘तुझ्या आधी’ म्हटल्यावर पलीकडून काहीच आलं नाही.

“काय गं?” बाईंनी विचारलं.

गजरने मग सगळं सांगितलं. आजोबा रुग्णालयात आहेत, शुद्ध नाही. साहेबांचं म्हणणं, नाव तुझ्या टेबलाचं होतं, तू फोन केला नाहीस. संध्याकाळी समितीसमोर उभं राहायचं आणि मग घरी जायचं.

“उद्यापासून दुसरं कुणीतरी करेल तुम्हाला,” ती म्हणाली. “चांगल्या आहेत सगळ्या.”

“तू फोन केला नाहीस का?”

“त्यांचं नाव माझ्या यादीत नव्हतं, बाई. कितीतरी दिवस नव्हतं. पण साहेब संगणकावर नाव शोधतात तर ते तिथं आहे. मीच खोटी ठरते.”

बाईंनी विणकाम बाजूला ठेवलं. नाव आहे आणि यादीत नाही. या दोन गोष्टी एकदमच खऱ्या असू शकतात, हे शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं.

“मी येते,” त्या म्हणाल्या.

“कशाला, बाई? तुमचा गुडघा…”

“तुमचा साहेब माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा. अजून तिथेच आहे का ते बघून येते.”

३

साहेब आता चांगला पोट सुटलेला गृहस्थ झाला होता, पण बाई दारात दिसताच खुर्चीतून उठला आणि शर्ट नीट खोचला. जुनी सवय.

त्याने बाजू मांडली ती अगदी मुद्देसूद. मुलगी वाईट नाही. पण आजोबा बोलायला बसले की सोडत नसत, तिच्या टेबलाचे बाकीचे फोन खोळंबत, म्हणून तिला दोनदा समज दिली होती. मग साहेबाने प्रत्येक टेबलाची थोडी थोडी माणसं आलटून पालटून द्यायला सुरुवात केली; आजोबांची पाळी अजून यायची होती. त्यावरून तिने भांडण काढलं. म्हणाली, माणसं काय पत्ते आहेत पिसायला? आणि त्यानंतर लवकरच हे घडलं. रागाच्या भरात किंवा कंटाळून तिने आजोबांना वगळलं असणार. नोंदी दुरुस्त करायची मुभा सगळ्याच टेबलांना आहे.

“तू यादी पाहिलीस का?” बाईंनी विचारलं.

“नाव शोधलं ना, बाई. हे बघा.”

त्याने पडद्यावर नोंद उघडली. नाव, पत्ता, फोन, कुठली औषधं चालू, डोळ्यांचं कधी झालं, सगळं होतं. ‘सोबत’ असा एक रकाना होता, तो कोरा होता.

“बिचाऱ्याचं कुणीच नाही,” साहेब म्हणाला.

“मी नाव नाही विचारलं. यादी पाहिलीस का म्हणून विचारलं. कपाटात कागद आहे म्हणजे तो आज टेबलावर आला असेल असं नाही.”

साहेबाने संगणकवाल्याला बोलावणं धाडलं. हा बाहेरून कामाला येणारा इंजिनीयर, तिशीतला, हुशार. बाईंना ‘मॅडम’ म्हणाला आणि जरा लवकर आटपलं तर बरं अशा आविर्भावात उभा राहिला. त्याने आजची सकाळची यादी पुन्हा काढली. साहेबाने ती वरून खाली वाचली, मग खालून वर.

घड्याळवाल्या आजोबांचं नाव तिच्यात नव्हतं.

“आत्ताच कुणीतरी काढलं,” साहेब म्हणाला. पण त्याचा आवाज पडला होता.

“नोंद तर समोर उघडी आहे तुझ्या,” बाई म्हणाल्या. “काढली कुठे?”

४

इंजिनीयरने थोडा विचार केला आणि कबूल केलं की एक गोष्ट त्याने अलीकडे बदलली होती. फोननंबर पूर्वी अक्षरांसारखे साठवले जात. त्याने त्यांचा प्रकार बदलून आकड्याचा केला, शोधायला बरं पडावं म्हणून. आणि आजोबांकडे जुना, घरातला फोन.

“नंबर कशाने सुरू होतो?” बाईंनी विचारलं.

“शून्याने.”

“मग ते शून्य गेलं.”

बाईंनी साहेबासाठी समजावलं. आकडा म्हटला की यंत्र त्याची किंमत ठेवतं, रूप ठेवत नाही. सातच्या आधी शून्य लिहा की नका लिहू, किंमत सातच. पण फोननंबर हा काही मोजायचा आकडा नव्हे. दोन माणसांच्या नंबरांची बेरीज करून कुणाला काय मिळणार? ज्याची बेरीज करायची नाही, ते आकड्यासारखं दिसलं तरी अक्षरच समजावं.

“झालं तर मग,” साहेब म्हणाला. त्याला सुटल्यासारखं वाटत होतं. “नंबर चुकला, फोन लागला नाही.”

गजर इतका वेळ दाराशी उभी होती. ती हळूच म्हणाली, “ते शून्य आम्ही हातानेच लावतो, साहेब. पहिल्याच दिवशी कळलं होतं. आम्ही त्याला ‘खाल्लेलं शून्य’ म्हणतो.”

“आणि नंबर चुकला असता तर फोन लागला नसता,” बाई म्हणाल्या, “पण नाव यादीत आलं असतं. इथे नावच आलेलं नाही. हा चोर वेगळा आहे.”

इंजिनीयरने घड्याळाकडे पाहणं सोडलं होतं.

५

बाईंनी गजरला बाजूच्या रिकाम्या खोलीत नेलं. तिथे मोडक्या खुर्च्या होत्या आणि एक उंच खिडकी. आजोबांचा शेवटचा फोन तुला आठवतो का, त्यांनी विचारलं.

तिला तो शब्दन् शब्द आठवत होता, कारण त्यानंतर आजोबा तिच्या यादीत आलेच नाहीत. ते खुशीत होते. आदल्या दुपारी, टेबलांवर दुसऱ्या दिवशीच्या याद्या वाटून झाल्यावर, ते नवा चष्मा आणायला बाहेर पडले होते, तसेच कचेरीत डोकावून पत्त्यातली काही दुरुस्ती करून गेले. तिच्या टेबलापाशी आले नाहीत. कामात असशील म्हणून, असं म्हणाले. मग हसून म्हणाले, ‘माझ्या नावापुढची पाटी काढली बरं का. हलकं वाटतंय.’

“मला वाटलं दुकानाची पाटी,” गजर म्हणाली. “नावापुढे ‘घड्याळे दुरुस्त होतील’ असं लिहिलेली एक जुनी पाटी दारावर होती. मी म्हटलं, चला, म्हाताऱ्याने एकदाचा धंदा बंद केला.”

“आणि मग ते यादीत दिसेनासे झाले, तेव्हा तुला काय वाटलं?”

गजरने मान खाली घातली. टेबलं पिसायला तेव्हाच सुरुवात झाली होती. तिला वाटलं, गेले दुसऱ्या टेबलाकडे. विचारलं असतं तर साहेब म्हणाले असते, अजून तुझं त्यांच्यातच अडकलंय. म्हणून तिने विचारलं नाही.

“बाकीच्या टेबलांवरच्यांनाही असंच वाटलं असेल?”

“कशाबद्दल?”

बाईंनी आजोबांच्या शेजाऱ्यांना विचारायला एक निरोप पाठवला, दारावरची पाटी आहे की नाही तेवढंच. निरोप लगेच आला. पाटी होती. जिथली तिथे, खिळ्यांसकट.

मग आजोबांच्या नावापुढची कुठली पाटी कुणी काढली होती?

६

नोंदणीच्या खिडकीवर मावशी बसत. संस्थेत आलेला प्रत्येक म्हातारा माणूस आधी त्यांच्यापुढे बसलेला असे. मावशींनी बाईंना पाणी दिलं, गुडघ्याला कुठलं तेल चोळता विचारलं, आणि बाईंनी काही विचारण्याआधीच सांगितलं की गजर पोर सोन्यासारखी आहे, तिच्यावर आळ घेणाऱ्याची जीभ झडो. साहेबाचं नाव घेतलं नाही, पण दाराकडे पाहिलं.

बाई त्यांच्या टेबलाकडे पाहत होत्या. पडदा भिंतीकडे वळवलेला होता, इतका की मावशींना मान वाकडी करून काम करावं लागे.

“मान दुखत नाही का?” बाई म्हणाल्या.

“दुखते की. पण समोर बसलेल्याला काही दिसू नये.”

“काय दिसू नये?”

मावशींनी पदराने टेबलावरची नसलेली धूळ पुसली. कुणाला काय आजार असतात, कुणाचं काय, असं काहीतरी पुटपुटल्या. मग म्हणाल्या, माणसं इथे मोठ्या धीराने येतात हो, बाई. नाव नोंदवायचं म्हणजे आपलं कुणी नाही हे आधी स्वतःच्या तोंडाने सांगायचं. त्यात ते लिहिलेलंही दिसलं तर?

बाईंचा ग्लास हातातच राहिला.

“इंजिनीयरला सांगा,” त्या दाराशी उभ्या असलेल्या गजरला म्हणाल्या, “मला यंत्राला फक्त तीन प्रश्न विचारायचे आहेत. आणि सगळ्यांना बोलव. मावशींनाही.”

७

साहेबाच्या खोलीत पुरेशा खुर्च्या नव्हत्या. मावशी आणि बाई बसल्या, बाकीचे उभे राहिले.

बाईंनी इंजिनीयरला विचारलं, सकाळच्या यादीसाठी तो यंत्राला नेमका काय प्रश्न विचारतो. त्याने सांगितलं. पूर्वी सगळ्याच सभासदांना फोन जायचे. मग पैसा कमी पडू लागला तेव्हा साहेब म्हणाले, ज्यांच्या घरात आता कुणी राहायला आलंय त्यांना वगळा. म्हणून ‘सोबत’ हा रकाना. त्यात तीनच गोष्टी यायच्या: ‘घरात’, ‘परगावी’, ‘कोणी नाही’. आणि यादीचा प्रश्न असा, की ज्यांची सोबत ‘घरात’ नाही, ते सगळे दे.

“सरळ आहे, मॅडम. मी तपासून पाहिला होता. बरोबर चालत होता.”

“असणार. आता माझे तीन प्रश्न विचार. एक, एकूण सभासद किती? दोन, ज्यांची सोबत ‘घरात’ आहे असे किती? तीन, ज्यांची सोबत ‘घरात’ नाही असे किती?”

“पहिल्यातून दुसरं वजा केलं की तिसरं येणारच,” साहेब म्हणाला.

“शेवटच्या बाकावरून असंच दिसतं. विचार रे.”

इंजिनीयरने विचारलं. मग पुन्हा विचारलं. मग कागदावर बेरीज केली, त्याच्यासारख्या माणसाने कागदावर. घरात सोबत असलेले आणि घरात सोबत नसलेले मिळूनही एकूण सभासद भरत नव्हते. एकोणचाळीस माणसं कुठेच नव्हती. ती ‘आहे’ मध्ये नव्हती आणि ‘नाही’ मध्येही नव्हती.

साहेबाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. फोन कमी झाले, खर्च आटोक्यात आला, म्हणून त्याने समितीकडून गेल्याच बैठकीत शाबासकी घेतली होती.

बाई सावकाश बोलू लागल्या. वर्गात बोलत तशा, शेवटच्या बाकावरच्यालाही कळेपर्यंत.

“मी हजेरी घेते. जो ‘हजर’ म्हणतो त्याच्यापुढे हजर. जो आलेला नाही त्याच्यापुढे गैरहजर. आणि समजा, एका मुलाचं नावच पुकारायचं राहून गेलं. त्याच्यापुढे काय?”

“काहीच नाही,” गजर म्हणाली.

“काहीच नाही. आता मोठे सर म्हणतात, जे हजर नाहीत त्यांच्या घरी चिठ्ठ्या पाठवा. त्या मुलाच्या घरी पाठवू?”

“तो आला होता की नाही, तुम्हाला माहीतच नाही,” साहेब म्हणाला.

“म्हणून पाठवत नाही. यंत्राचंही तसंच. रकाना कोरा असला की यंत्र त्याला ‘नाही’ म्हणत नाही, ‘माहीत नाही’ म्हणतं. त्याला विचारलं, ही सोबत ‘घरात’हून वेगळी आहे का? ते म्हणतं, माहीत नाही. आणि यादीत फक्त तेच येतात ज्यांच्याबद्दल यंत्र ठणकावून ‘हो’ म्हणतं. कोऱ्या रकान्याला या लोकांत नल म्हणतात.”

“नळ?” मावशी म्हणाल्या.

“नल. यातून थेंबसुद्धा येत नाही, मावशी.”

इंजिनीयर खाली बसला, खुर्ची नव्हती म्हणून टेबलाच्या कडेवर. कोरा रकाना नल म्हणून साठवायची सोय त्यानेच केली होती, तो म्हणाला. तसंच शिकवलं होतं त्याला.

“आणि बरोबर केलंस,” बाई म्हणाल्या. “रिकामा शब्द वेगळा आणि शब्दच नसणं वेगळं, हे तुला कळतं ही चांगली गोष्ट आहे. फक्त मग विचारताना दोन्हीची आठवण ठेवायची. तू तपासलंस तेव्हा कोरा रकाना एकही नव्हता. तेव्हा तिथे ‘कोणी नाही’ लिहिलेलं होतं. ‘कोणी नाही’ हा शब्द आहे. तो ‘घरात’हून वेगळा आहे, हे यंत्राला चांगलं कळतं. ज्यांचं कुणी नव्हतं ती माणसं त्या दोन शब्दांमुळे यादीत होती.”

“मग ते शब्द गेले कुठे?” साहेबाने विचारलं आणि नकळत गजरकडे पाहिलं.

“तिच्याकडे बघू नकोस. तिने पुसायचे असते तर आजोबांचे पुसले असते. एकोणचाळीस जणांचे कशाला? ज्याने पुसले त्याला ते शब्द सगळ्यांच्याच नावापुढे नको होते.” बाईंनी आवाज खाली आणला. “आजोबा त्या दिवशी पत्ता बदलायला खिडकीवर आले होते. पडदा तेव्हा सरळ होता. होय ना, मावशी?”

मावशींनी हातातला रुमाल उलगडला आणि पुन्हा घडी घातली.

“त्यांनी वाचलं,” त्या म्हणाल्या. “नवा चष्मा होता ना. मोठ्याने वाचलं, त्यांचं नाव आणि पुढे ‘कोणी नाही’. आणि हसले. म्हणाले, बरोबर लिहिलंय हो, पाटीच करून द्या. ते हसले, पण मला बघवेना. मी त्यांच्यासमोर पुसलं. म्हटलं, गेलं बघा. तेव्हा खरंच बरं वाटलं त्यांना. ते गेल्यावर मी एकेक करून सगळ्यांचं पुसत बसले. रोज सकाळी कुणीतरी त्यांची नावं वाचणार आणि पुढे ते वाचणार. मला वाटलं, एवढं तरी आपल्या हातात आहे.”

बाईंनी मावशींच्या हातावर हात ठेवला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपणही कितीतरी दिवसांत कुणाला हात लावलेला नाही.

“इतक्या जणांना फोन गेले नाहीत,” साहेब शेवटी म्हणाला. “एकानेही तक्रार कशी केली नाही?”

“ज्याला कुणी नाही त्याची तक्रार कोण करणार?” गजर म्हणाली. “आणि तो स्वतः काय म्हणेल? माझी आठवण का काढली नाही, असं?”

मग तिनेच भानावर येऊन विचारलं, “बाई, बाकीचे अडतीस?”

८

सगळ्या टेबलांवर एकदम फोन सुरू झाले. साहेबानेही बाह्या सरसावून एक फोन घेतला. खाल्लेली शून्यं हाताने लावली गेली.

माणसं उचलत होती. कुणी म्हणालं, असू दे गं, कामं असतात तुम्हाला. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी साहेबाला विचारलं की आपण वारल्याची नोंद झाली होती की काय, कारण तसं असेल तर त्यांना प्रमाणपत्र हवंय, त्यांना ते पाहायची उत्सुकता आहे. एक आजी काहीच न बोलता नुसत्या रडल्या. त्यांचा फोन मावशींनी घेतला होता आणि दोघी बराच वेळ तशाच होत्या.

एक नंबर मात्र कुणी उचलेना. तीनदा वाजला. तो एका जुन्या शिवणकामवालीचा होता; ती चौथ्या मजल्यावर एकटी राहायची. इंजिनीयर काही न बोलता दुचाकी काढून गेला. तो परत फोन करेपर्यंत कचेरीत कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती. दारात धापा टाकणाऱ्या इंजिनीयरला तिने आधी विचारलं, “आत्ता आठवण झाली?” मग त्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण पाहून त्याला बसवून ठेवलं आणि ते लावून दिल्याशिवाय सोडलं नाही. हे त्याने फोनवर सांगितलं तेव्हा गजर हसली आणि मग तिने तोंड फिरवून डोळे पुसले.

समितीची बैठक झाली, पण बोलला तो साहेब, आणि तो स्वतःबद्दल बोलला. यादी लहान झाली तेव्हा मला आनंद झाला, तो म्हणाला. ती का लहान झाली हे मी विचारलं नाही. गजरला काढायचा विषय त्याने स्वतःच कागदावरून खोडला. आजोबांचा फोन तिच्या टेबलावरच ठेवायचा, पिसायचा नाही, हेही त्यानेच मांडलं.

मावशींनी विचारलं, मग आता ते शब्द परत लिहू का. त्यांचा हात धजत नव्हता.

“नको,” बाई म्हणाल्या. “कोरंच राहू दे. फक्त प्रश्न बदलायचा. ज्यांची सोबत घरात नाही ते दे, आणि ज्यांचा रकाना कोरा आहे तेही दे. कोरं असणं हा गुन्हा नाही. रोज सकाळी आठवणीने विचारलं पाहिजे, एवढंच.”

इंजिनीयरने ते तिथल्या तिथे लिहिलं. “बघा, बाई,” तो म्हणाला. मॅडम म्हणायचं तो विसरला होता.

निघताना बाईंना मोह झाला आणि त्यांनी स्वतःची नोंद उघडायला लावली. ‘सोबत’ पुढे ‘परगावी’ लिहिलं होतं. त्या जरा वेळ त्या शब्दाकडे पाहत राहिल्या. शब्द खरा होता. त्याच्यामुळे त्यांचा फोन चुकला नव्हता, म्हणून त्यांनी मनातल्या मनात त्याचे आभार मानले.

९

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या रुग्णालयात गेल्या. गजरचं काम संपायला वेळ होता आणि तोवर आजोबांच्या खाटेशी कुणीतरी असावं, असं त्यांना वाटलं. सकाळी आजोबांनी डोळे उघडले होते आणि पहिला प्रश्न किती वाजले असा विचारला होता, असं परिचारिकेने सांगितलं.

भेटायला येणाऱ्यांची नावं ती एका तक्त्यात लिहून घेत होती. बाईंनी नाव लिहिलं, फोन लिहिला, शून्यासकट. पुढचा रकाना होता ‘रुग्णाशी नातं’.

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी या माणसाला कधी पाहिलंही नव्हतं. एकच आवाज दोघांना रोज उठवत होता, याला नातं म्हणतात का, ते त्यांना माहीत नव्हतं.

“तो कोरा सोडला तरी चालतो,” परिचारिका म्हणाली. “पुष्कळ जण सोडतात.”

“नको,” बाई म्हणाल्या. “तो नको कोरा.”

आतल्या खाटेवर एक म्हातारा उशीला टेकून भिंतीवरच्या घड्याळाकडे नापसंतीने पाहत होता. ते थोडं मागे पडलेलं होतं.

बाईंनी रकान्यात लिहिलं, ‘ओळख व्हायची आहे’, आणि आत गेल्या.